घटना म्हणजे काय, हे कोण ठरवतं?

(महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटासमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमाची सूचना वाचून काही जणांनी मला विचारलं की, 'डेटामधल्या घटना आणि पॅटर्न ओळखणं' हा विषय तर कॉम्प्युटरवाल्यांचा. आम्ही समाजशास्त्राचे, इतिहासाचे, कायद्याचे विद्यार्थी, आम्ही येऊन काय करू? म्हणून मी सुरुवात कॉम्प्युटर नव्हते त्या काळापासून करते.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला शोधनिबंध वाचतात. विषय भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. त्यांच्या आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांनी जातीची लक्षणं सांगून ठेवली होती. विटाळ, कोणी कोणाकडे जेवायचं याचे नियम, वंशपरंपरेने आलेला धंदा, अशी मोठी यादी होती. माहितीला तोटा नव्हता. त्या यादीला बाबासाहेबांनी एक प्रश्न विचारला. यातलं कोणतं लक्षण काढून घेतलं तर जात उभीच राहणार नाही? उत्तर आलं, जातीतल्या जातीत लग्न.

ते तिथे थांबले नाहीत. सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींचं बालपणी लग्न या तीन प्रथांबद्दल लोक वेगवेगळं बोलत होते. कोणी त्यांचं कौतुक करत होतं, कोणी निषेध. बाबासाहेबांनी त्या तिन्ही एका रांगेत ठेवल्या. जो गट बाहेर लग्न करायचं बंद करतो, त्याला आतल्या लग्नाळू स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागते. नवरा मेला की एक बाई जास्त होते, बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. जास्त झालेल्या बाईला जाळायचं किंवा कायमची विधवा ठेवायची. जास्त झालेल्या पुरुषासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. तीन प्रथा, काम एकच.

विखुरलेल्या नोंदी घ्यायच्या, त्यांच्यामागची एक रचना शोधायची आणि ती कशी चालते ते सांगायचं, यालाच आज पॅटर्न ओळखणं म्हणतात. हे काम एका विद्यार्थ्याने वर्गात केलं होतं. त्यामुळे हा विषय आपल्याकडे बाहेरून आला असं कोणी समजू नये.

आता आजच्या कॉम्प्युटरकडे येऊ. 'घटना ओळखणं' म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगते. बँकेत दिवसाला लाखो व्यवहार होतात, त्यातला एखादा फसवणुकीचा असतो. तो शोधायचा. भूकंपमापकावर सतत रेषा हलत असते, त्यात खरा धक्का कोणता ते शोधायचं. वर्तमानपत्रात रोज शेकडो बातम्या येतात. त्यातून कुठे, कधी, कोणी, कोणाला, काय केलं ते यंत्राने वेचून काढायचं. यासाठी यंत्राला आधी हजारो उदाहरणं दाखवावी लागतात. माणसं बसून प्रत्येक वाक्यावर लेबल लावतात की, हा अपघात, ही अटक, ही निवडणूक. यंत्र त्या लेबलांवरून शिकतं. म्हणजे घटना कशाला म्हणायचं हे आधी माणूस ठरवतो. यंत्र फक्त ते पाठ करतं.

बातम्यांच्या अभ्यासात जगभर वापरला जाणारा एक संच आहे, 'एस २००५'. अमेरिकेत तयार झालेला. त्यात घटनांचे ८ गट आणि ३३ प्रकार आहेत. जन्म, लग्न, घटस्फोट, जखमी होणं, मृत्यू. हल्ला, निदर्शनं. भेट-बैठक, फोन-पत्र. अटक, खटला, शिक्षा, दंड, अपील. कंपनी सुरू होणं, दोन संस्था एक होणं, दिवाळं निघणं. नेमणूक, निवडणूक. इंग्रजी, अरबी, चिनी मजकुरासाठी केलेली ही यादी, आणि तिच्या कामापुरती ती चांगली आहे. अडचण सुरू होते ती ही यादी जशीच्या तशी उचलून आपल्या गावावर ठेवली की.

मी एमटेकला असताना माझ्या गाइडने मला मराठी बातम्यांमधून घटना वेचण्याचा प्रकल्प दिला. प्रकार तेच घ्यायचे, म्हणजे जगातल्या इतर संशोधनाशी तुलना करता येईल. लेबल लावायला आम्ही तिघं होतो. एक दिवस एक छोटी बातमी समोर आली. एका गावात दुकानदारांनी एका वस्तीतल्या लोकांना माल देणं थांबवल्याची तक्रार, गावात तणाव, तहसीलदारांच्या उपस्थितीत शांतता समितीची बैठक. चार ओळी. माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी तिच्यावर लेबल लावलं, 'बैठक'. त्यांचं चुकलं नव्हतं. यादीत बैठक होती आणि बातमीतही बैठक होती. मी कोणतंच लेबल लावलं नाही, कारण जे घडलं होतं त्याला यादीत नावच नव्हतं. दोन विरुद्ध एक. डेटामध्ये त्या गावात त्या दिवशी एक बैठक झाली, एवढीच नोंद गेली.

मी गाइडकडे गेले. ते माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "अशा बातम्या 'इतर'मध्ये टाक. शेवटी 'इतर' आपण काढूनच टाकणार आहोत, मॉडेलला त्रास होतो."

त्या रात्री मी फोनवर आईला ती बातमी वाचून दाखवली. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिने शेवटपर्यंत ऐकूनसुद्धा घेतलं नाही. मध्येच म्हणाली, "मग दळण कुठून आणत्यात गं ती लोकं?" बातमीत दळणाचा शब्दही नव्हता. पण दुकान बंद झालं म्हणजे गिरणीही बंद झाली असणार, शेतावरची मजुरीही बंद झाली असणार, हे तिला ठाऊक होतं. आमच्या प्रयोगशाळेत या विषयाची सगळ्यात जाणकार व्यक्ती मीही नव्हते आणि माझे गाइडही नव्हते.

मला एका व्याख्येची गरज होती. ती मला बाबासाहेबांच्या लेखनात मिळाली. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणासाठी एक योजना अल्पसंख्याक उपसमितीपुढे मांडली. त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी आहे, आणि बहिष्कार म्हणजे नेमकं काय याची व्याख्याही आहे. १९२२ सालच्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे ती तयार केली होती. तिचा मथितार्थ असा: घर किंवा जमीन द्यायला नकार देणं, व्यवहार करायला, मजुरीवर घ्यायला, सेवा द्यायला किंवा घ्यायला नकार देणं. एरवी रिवाजाप्रमाणे जे सामाजिक, व्यावसायिक संबंध ठेवले गेले असते, ते न ठेवणं. कायदेशीर हक्क बजावणाऱ्याला त्रास देणं, अडवणं. आणि बहिष्कार टाकणं हा एक गुन्हा, त्यासाठी चिथावणी देणं हा वेगळा, धमकी देणं हा आणखी वेगळा.

तुमच्यापैकी ज्यांनी लेबल लावण्याचं काम केलंय त्यांना हे वाचताना ओळखीचं वाटेल. लेबल लावणाऱ्यांच्या हातात जी सूचनापुस्तिका देतात, तशीच ही आहे. एका मोठ्या शब्दाचे छोटे, तपासता येतील असे भाग पाडलेत. 'तणाव' तपासता येत नाही. 'दुकानदाराने माल नाकारला का' हे तपासता येतं.

त्या व्याख्येतला मधला भाग तर मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला. एरवी जे संबंध ठेवले गेले असते, ते न ठेवणं. बहिष्कार ही काहीतरी न होण्याची घटना आहे. गिरणी चालू असते, पण आपलं दळण होत नाही. शेतात काम असतं, पण आपल्याला बोलावणं येत नाही. यंत्र जे घडतं ते पकडतं. जे थांबलं ते पकडायचं असेल तर आधी नेहमी काय चालतं हे माहीत असावं लागतं. आजच्या भाषेत याला बेसलाइन म्हणतात. बाबासाहेबांच्या मसुद्यात ती आधीच आहे.

ही व्याख्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात यायला किती काळ गेला पाहा. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून २०१५च्या दुरुस्तीने आला, आणि ती दुरुस्ती जानेवारी २०१६मध्ये अमलात आली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा वेगळा कायदाही २०१६चा. गोलमेज परिषदेपासून मोजलं तर ८५ वर्षांच्या आसपास. तोवर गावोगाव बहिष्कार पडतच होते, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम नव्हतं.

मी ती व्याख्या घेऊन 'इतर'मध्ये पडलेल्या बातम्या पुन्हा वाचल्या. यावेळी एकेक बातमी सुटी वाचली नाही, एका गावाच्या बातम्या तारखेप्रमाणे लावून वाचल्या. मग रांगा दिसायला लागल्या. आधी एखादी मिरवणूक, वरात, पोळ्याचा मान, पाणवठा किंवा शेतरस्ता यावरून 'किरकोळ वाद'. मग अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार. मग दुकान आणि मजुरी बंद. मग शांतता समिती. आणि मग तक्रार करणाऱ्यांवरच दरोड्याचा किंवा मारहाणीचा उलटा गुन्हा. प्रत्येक बातमी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पानावर, वेगळ्या शब्दांत. सुटी वाचली तर एक बैठक, एक वाद, एक चोरी. क्रमाने वाचली तर एकच गोष्ट. आपल्यापैकी अनेकांना हा क्रम घरातच माहीत असतो. यंत्राला तो शिकवायचा तर बातमीची चौकट मोठी करावी लागते. एका दिवसाऐवजी तीन-चार महिन्यांची खिडकी ठेवावी लागते. हा निर्णय तांत्रिक आहे. पण खिडकी किती मोठी ठेवायची हे ज्याला गाव माहीत आहे त्यालाच सुचतं.

आता लेबलांच्या भांडणाबद्दल. आपल्या क्षेत्रात लेबल लावणाऱ्यांचं एकमत किती आहे ते मोजतात. एकमत जास्त तर डेटा चांगला, मतभेद असले तर बहुमताने निकाल. बहुतेक ठिकाणी हे ठीक चालतं. मांजर की कुत्रा, यात बहुमत घ्यायला हरकत नाही. पण तिघांपैकी ज्या एकाला ती गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे, त्याचं मत 'गोंगाट' म्हणून खोडलं गेलं तर? बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जन्माने ठरलेलं बहुमत यांत फरक करायला शिकवलं. राजकीय बहुमत बदलू शकतं, दुसरं तसंच राहतं. आपल्या लेबलांच्या तक्त्यातही हा फरक करावा लागतो. मी शेवटी असं केलं की, मतभेद खोडले नाहीत. कोणी काय लेबल लावलं ते तिन्ही रकाने तसेच ठेवले. मतभेद कुठे होतात हीसुद्धा एक माहितीच होती. ते सगळ्यात जास्त 'वाद', 'तणाव', 'प्रेमप्रकरण', 'पूर्ववैमनस्य' या चार शब्दांभोवती होते.

लेबल ही कागदावरची क्षुल्लक गोष्ट आहे असं कोणाला वाटत असेल तर खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. २००८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी धरलं, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. खून हे लेबल राहिलं, जातीय अत्याचार हे लेबल राहिलं नाही. त्या खटल्याच्या निकालावर यंत्र शिकवलं, तर ते खैरलांजीला कोणत्या रांगेत ठेवेल?

दुसरं उदाहरण साऱ्या देशाचं आहे. २०२१च्या फेब्रुवारीत सरकारने लोकसभेत सांगितलं की, मागच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं की, हाताने मैला साफ करण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. दोन्ही उत्तरं एकाच सरकारची. हे जमलं कसं? २०१३च्या कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' याची व्याख्या वेगळी आहे आणि गटाराच्या 'धोकादायक सफाई'ची वेगळी. माणूस त्याच जातींतला, टाकी तीच, वायू तोच. लेबल बदललं आणि मृत्यू शून्य झाले. सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटना वर्षानुवर्षं या मृत्यूंच्या नोंदी स्वतः का ठेवत आल्या, ते यावरून कळतं.

शून्यावरून अजून एक गोष्ट सांगते. समजा, १००० बातम्या आहेत आणि त्यात ५ बहिष्काराच्या आहेत. मी असं यंत्र बनवलं जे प्रत्येक बातमीला 'बहिष्कार नाही' म्हणतं. ते ९९५ वेळा बरोबर असेल. म्हणजे ९९.५ टक्के अचूक. आणि त्याने एकही बहिष्कार शोधला नाही. सेमिनारमध्ये कोणी तुम्हाला ९९ टक्के अचूकता दाखवली तर हात वर करा आणि विचारा, जे खरोखर घडलं होतं त्यातलं किती सापडलं? याला रिकॉल म्हणतात. विद्यापीठं, मंत्रालयं, आयोग यांच्या अहवालांनासुद्धा हाच प्रश्न विचारता येतो.

आणि आकडा सापडल्यावरही सावध राहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अनुसूचित जातींवरच्या गुन्ह्यांची संख्या २०२१ साली ५०,९०० आहे आणि २०२२ साली ५७,५८२. तेरा टक्क्यांची वाढ. अत्याचार वाढले, की तक्रार करायची हिंमत वाढली, की ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्याचं प्रमाण वाढलं? हा आकडा एकटा ते सांगत नाही. तो घडलेल्या घटनांचा आकडा नाही, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आहे. ज्या जिल्ह्यात आकडा कमी आहे तिथे शांतता असेल किंवा दहशत असेल. विद्यार्थ्याने दोन्ही शक्यता लिहायच्या आणि मग तपासायला निघायचं.

तपासायचं कसं, याचा एक नमुना सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी घालून दिला. त्यांचा निबंध २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खासगी कंपन्या तर म्हणतात, आम्ही जात विचारतच नाही. मग भेदभाव डेटात दिसणार कुठून? त्यांनी डेटा स्वतः तयार केला. ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती घेतल्या आणि ५४८ जागांसाठी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच, फक्त नाव वेगळं. एक नाव उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम वाटेल असं. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला उच्चजातीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. अर्जात जातीचा रकाना नव्हता, आडनावाने काम केलं. आज अर्ज निवडायला यंत्रं आली आहेत. जुन्या निवडींवर शिकलेल्या यंत्राला जातीचा रकाना दाखवला नाही म्हणजे ते जातीपासून मुक्त झालं असं नसतं. आडनाव, पिनकोड, शाळेचं माध्यम त्याच्यासमोर असतंच.

आता दुसरी बाजू. पॅटर्न ओळखण्याची ताकद नेहमी आपल्या बाजूने वापरली जाईल असं समजू नका. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आपल्याकडे पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं. तोही एक पॅटर्न होता, सरकारने ओळखलेला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड टाकायची सवय गेली नाही. त्या धाडींतून अटका होतात, अटकांतून नोंदी होतात. उद्या याच नोंदींवर 'गुन्हा कुठे होईल' हे सांगणारं यंत्र शिकवलं तर ते पुन्हा पालाकडेच बोट दाखवेल, आणि यावेळी लोक म्हणतील की, हे तर गणित आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जातीवरून काम वाटणं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. दुसरीकडे जनगणनेत जात मोजा ही आपली मागणी होती, कारण १९३१ नंतर सगळ्या जातींची मोजणी जनगणनेत झाली नव्हती. यात विसंगती नाही. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय आणि त्या नोंदीचं पुढे काय होणार, हे तीन प्रश्न प्रत्येक रकान्याला विचारायचे.

ते मला स्वतःलाही विचारावे लागले. माझा डेटा तयार झाल्यावर तो सगळ्यांसाठी खुला करावा असं ठरत होतं. खुला डेटा चांगला, असं आपण शिकतो. पण त्यात गावांची नावं होती, तक्रारदारांची नावं होती. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, डेटा मात्र राहतो. कोणीही शोधून काढेल की, या तालुक्यात तक्रारी करणारी घरं कोणती. मी नावं काढली, गावाऐवजी फक्त जिल्हा ठेवला. संशोधनाची बारकाई थोडी कमी झाली. ती किंमत देणं मला बरोबर वाटलं, आजही वाटतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण हा कॉम्प्युटरचा विषय आहे का?" मी म्हटलं, सर, बँकेतली फसवणूक शोधणं कॉम्प्युटरचा विषय असेल तर हाही आहे. माझं यंत्र फार हुशार निघालं नाही. बरेच बहिष्कार त्यालाही सापडले नाहीत. जे सुटले त्यांची यादी मी प्रबंधाच्या शेवटी छापली. पुढच्या विद्यार्थ्याला तिथून सुरुवात करता यावी म्हणून.

शेवटी आपल्या विद्यापीठाबद्दल, कारण आपण इथेच बसलो आहोत. एखाद्या दलित, आदिवासी विद्यार्थ्याने जीव दिला की, प्रशासनाचं पत्रक निघतं, ही दुर्दैवी, वैयक्तिक घटना आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्रक. प्रत्येक घटना एकटी ठेवली की, पॅटर्न कधीच दिसत नाही. २०११च्या सुमारास इनसाइट फाउंडेशनच्या तरुणांनी 'द डेथ ऑफ मेरिट' ही माहितीपटांची मालिका केली. उच्च शिक्षणसंस्थांमधल्या अशा मृत्यूंची त्यांनी नोंद घेतली, आईवडिलांकडे जाऊन बोलले, आणि सुट्या बातम्या एका रांगेत मांडल्या. त्यांच्याकडे कोणतंही मोठं यंत्र नव्हतं. त्यानंतर हे सगळं 'वैयक्तिक' आहे असं म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

तर तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. जो समाजशास्त्रात आहे त्याने व्याख्या लिहावी, जो कायद्यात आहे त्याने ती कलमांशी जुळवून पाहावी, जो कॉम्प्युटरमध्ये आहे त्याने ती यंत्राला शिकवावी, आणि तिघांनी मिळून ती आपापल्या आईला, आजीला वाचून दाखवावी. आपल्या विभागात कोणाची फेलोशिप किती महिने अडली, कोणाला गाइड मिळायला किती वेळ लागला, तोंडी परीक्षेत कोणाला किती गुण पडले, याची तारखेसह नोंद ठेवायला आजपासून सुरुवात करा. नावं जपून ठेवा. पाच वर्षांनी तुमच्यानंतर येणारी मुलगी तो तक्ता उघडेल तेव्हा तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि कोणी म्हणालं की, हे 'इतर'मध्ये टाका, तर 'इतर' आधी उघडून वाचा.

जयभीम.